आगबोटीच्या आठवणी आणि सबटायटलची फाइल

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या ऑडिओ कॅसेटींचा एक संग्रह आहे. कोकण किनाऱ्यावर आगबोटींची प्रवासी वाहतूक चालू होती, त्या काळात बंदरावर राबलेले खलाशी, तांडेल (खलाशांचे म्होरके), पडाववाले (उतारू व सामान नेणाऱ्या होड्या चालवणारे) आणि हमाल यांच्या मुलाखती गावातील एका शिक्षकांनी हौसेने टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवल्या होत्या. ते शिक्षक आता हयात नाहीत आणि त्यांनी ज्यांना बोलते केले ती माणसेही राहिलेली नाहीत. वाचनालयाचा कार्यकर्ता या नात्याने या कॅसेटींचे संगणकीय ध्वनिमुद्रण करून त्यावरून सबटायटलच्या फाइली तयार करण्याचे काम मी हाती घेतले. ते करताना जे पाहिले, पारखले आणि ठरवले, ते सविस्तर नोंदवावे असे वाटते, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत आणि शाळांत अशा कॅसेटी पडून आहेत.

नुसते ध्वनिमुद्रण जपून का भागत नाही, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. त्याची कारणे साधी आहेत. या मुलाखती अस्सल मालवणीत आहेत. मुंबईत वाढलेल्या नातवंडांना ती भाषा कानाने पुरती पकडता येत नाही, पण समोर अक्षरे दिसली तर ती बरोबर मागे येतात. गावातल्या वयस्करांना उलट अडचण आहे: भाषा त्यांचीच आहे, पण ऐकू येत नाही. शिवाय तासाभराच्या मुलाखतीत विजयदुर्गाचा उल्लेख नेमका कुठे आला हे शोधायचे, तर वेळेच्या नोंदीसह मजकूर हाताशी असणे हाच एक व्यवहार्य मार्ग आहे. सबटायटलची फाइल ही तिन्ही कामे एकदमच करते.

कामाची सुरुवात संगणकापासून नव्हे, तर कॅसेटीपासून होते. आपल्याकडच्या दमट हवेत टेपच्या कडेला बुरशीचे पांढुरके ठिपके धरतात. अशी टेप थेट वाजवली तर बुरशी प्लेअरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब वाजू लागतात. म्हणून संशयास्पद कॅसेटी आधी वेगळ्या काढल्या आणि प्रत्येक बाजू वाजवून झाली की कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हेड आणि रबरी रूळ पुसण्याचा नेम ठेवला. याहून महत्त्वाची, आणि सहसा दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे हेडचा कोन. ज्या यंत्रावर मुलाखत टिपली गेली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या प्लेअरच्या हेडचा कोन जुळला नाही, तर आवाज ऐकू येतो खरा, पण त्यातला वरचा, म्हणजे उंच स्वरांचा, पट्टा नाहीसा होतो. माणसाचे कान ही उणीव संदर्भाने भरून काढतात; यंत्र मात्र ‘स’, ‘श’, ‘च’, ‘त’ यांत तिथेच गोंधळते. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवून बोलण्यातला ‘स’ जिथे सर्वांत धारदार ऐकू येतो तिथे थांबायचे. मजकुराच्या शुद्धतेत एवढ्या एका कृतीने जो फरक पडला, तो नंतर वापरलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरच्या करामतीने पडला नाही.

ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रत्येक बाजू ४४.१ किलोहर्ट्झला, कोणतेही संकोचन न करता, वेव्ह फाइल म्हणून टिपली. ही झाली मूळ प्रत, आणि ती एकच असावी याबद्दल मी आग्रही आहे. कॅसेट प्लेअरची गती ठरलेली असली, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटरच्या आसपास, तरी प्रत्येक यंत्र किंचित पुढेमागे धावते. एका यंत्रावर केलेल्या प्रतीवरून सबटायटल बनवले आणि तेच दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीला लावले, तर सुरुवातीला सगळे जुळलेले दिसते, पण कॅसेटीची बाजू संपेपर्यंत अक्षरे आवाजाच्या कितीतरी पुढे किंवा मागे गेलेली असतात. म्हणून मूळ प्रत ठरवायची, तिला नाव द्यायचे आणि पुढचे सगळे काम तिच्याच आधाराने करायचे.

मजकूर काढण्यासाठी मी ओपनएआय या कंपनीचे व्हिस्पर हे बोलणे ऐकून मजकूर लिहिणारे मॉडेल निवडले. सप्टेंबर २०२२ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. ६,८०,००० तासांच्या बहुभाषिक ध्वनिमुद्रणावर ते शिकवलेले आहे आणि त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. माझ्या निवडीमागे आणखी एक कारण होते. हे मॉडेल आपल्याच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालते. या मुलाखतींत घरच्या गोष्टी आहेत, कर्जे आहेत, भाऊबंदकी आहे. त्या माणसांनी त्या एका ओळखीच्या शिक्षकांपुढे मोकळेपणाने सांगितल्या. ते बोलणे कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर चढवणे मला योग्य वाटले नाही.

व्हिस्परची मॉडेले लहानापासून मोठ्यापर्यंत आहेत. लहान मॉडेले जलद चालतात, पण मराठीसाठी ती उपयोगाची नाहीत असे माझे स्पष्ट मत झाले: अधूनमधून ‘है’ आणि ‘था’ असलेली वाक्ये येत आणि मात्रा-वेलांट्या मन मानेल तशा पडत. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेले लार्ज-व्ही३ हे मोठे मॉडेल मात्र प्रमाण मराठीसाठी खरोखर चांगले आहे. ते मूळ स्वरूपात चालवायला साधारण १० जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड लागते. आमच्याकडे तसे कार्ड नाही. म्हणून व्हिस्पर डॉट सीपीपी या हलक्या आवृत्तीत, मॉडेलचे आकारमान कमी करून, ते साध्या लॅपटॉपवर रात्रभर लावून ठेवत असे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे सबंध बाजू एकदम न देता तुकडे करून देणे सोयीचे पडले. तुकडे करण्याचे दुसरे, अधिक सबळ कारण पुढे येईलच.

मॉडेलला आवाज १६ किलोहर्ट्झचा आणि एकाच चॅनेलचा लागतो; एफएफएमपेग या ध्वनिफाइलींचे स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमने तशी कामापुरती प्रत काढता येते. भाषा मराठी आहे हे आपण स्पष्ट सांगावे. ते त्याच्यावर सोपवले तर पहिल्या ३० सेकंदांवरून ते अंदाज बांधते, आणि ज्या मुलाखतीच्या सुरुवातीला नुसती समुद्राची गाज आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आहे, तिथे तो अंदाज हिंदी निघण्याची बरीच शक्यता असते. गाज कमी करण्यासाठी नॉइज रिडक्शन (नको तो आवाज दाबण्याची सोय) लावूनही पाहिले. कानाला ते सुखद वाटते, पण त्यात व्यंजनांच्या कडा बोथट होतात आणि मजकूर सुधारण्याऐवजी बिघडतो. शेवटी विजेची गुणगुण जावी म्हणून अगदी खालचा पट्टा तेवढा कापला आणि गाज तशीच राहू दिली.

व्हिस्पर आवाज ३०-३० सेकंदांच्या खिडक्यांनी वाचते आणि आधीच्या खिडकीत काय लिहिले ते पुढच्या खिडकीसाठी संदर्भ म्हणून धरते. यामुळे ओघ राहतो, पण एक धोकाही निर्माण होतो. बोलणारा थांबला आणि बराच वेळ नुसती गाज राहिली, तर मॉडेल गप्प बसत नाही. मागचेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत जाते किंवा कोणी न बोललेले ‘धन्यवाद’ मध्येच उमटते. म्हातारी माणसे तर थांबत थांबतच बोलतात. यावर दोन उपाय लागू पडले: आधीच्या मजकुराचा संदर्भ घेणे बंद करणे, आणि बोलण्याचे भाग आधी ओळखून शांततेचे भाग मॉडेलकडे जाऊच न देणे. हे दुसरे काम करणारी छोटी मॉडेले मोफत मिळतात.

मॉडेलला आरंभी शब्दांची ओळख करून देण्याची सोय आहे. मी तिथे वेंगुर्ले, रेडी, देवगड, विजयदुर्ग, जयगड ही बंदरे आणि आगबोट, पडाव, तांडेल, खलाशी, धक्का असे शब्द दिले. मात्र ही सोय दोन बाजूंनी तोकडी आहे. एक तर तिची मर्यादा २२४ टोकनांची (मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे मोजते त्यांची) आहे आणि देवनागरीतले एकेक अक्षर अनेकदा एकाहून अधिक टोकन खाते, त्यामुळे इंग्रजीत जिथे परिच्छेद मावतो तिथे आपल्याला मोजकेच शब्द देता येतात. दुसरे म्हणजे ही ओळख मुळात पहिल्या खिडकीपुरतीच टिकते. तुकडे करण्याचे सबळ कारण ते हेच: प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला शब्दांची ओळख नव्याने देता येते. तुकडे अर्थातच नैसर्गिक विरामावर पाडायचे आणि नंतर जोडताना प्रत्येक तुकड्याच्या वेळेत त्याच्या आरंभाची वेळ मिळवायची.

एवढे केल्यावर हाती जो मसुदा येतो, त्याच्या दोन अंगांबद्दल दोन निराळी मते द्यावी लागतात. वेळेची नोंद उत्तम असते. वाक्य कुठे सुरू झाले आणि कुठे संपले हे हाताने टिपायला जे कंटाळवाणे श्रम पडले असते ते जवळजवळ सगळे वाचतात. वाक्याचा आरंभ किंचित आधी दाखवण्याची खोड आहे, पण शब्दवार वेळ काढण्याचा पर्याय वापरला की तीही बरीच आटोक्यात येते. मजकुराचे तसे नाही. मालवणी बोलणे ऐकून हे मॉडेल त्याला प्रमाण मराठीचे कपडे चढवते. ‘माका’चे ‘मला’ होते, ‘हयसर’चे ‘इथेसर’ किंवा नुसतेच ‘इथे’ होते, आणि जिथे असे रूपांतर जमत नाही तिथे जवळच्या उच्चाराचा भलताच शब्द बसतो. व्हिस्परच्या यादीत मराठी आहे, पण कोकणी नाही, मग मालवणी कुठून असणार?

एक जागा तपशिलाने सांगतो. वेंगुर्ल्यासारख्या बंदरात आगबोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व सामान पडावातून ने-आण करीत. हलणाऱ्या पडावातून आगबोटीच्या शिडीवर माणूस कसा चढवायचा हे एक पडाववाले सांगतात: “लाट वर इली काय माणसाक हात देवचो, आणि लाट खाली गेली काय गप रवाचा.” मसुद्यात ते असे उतरले: “लाट वर हिली का माणसाला हात देऊ, आणि लाट खाली गेली का गप्प राहायचं.” दुसरा अर्धा भाग वाचून कोणालाही शंका येणार नाही, कारण ते वाक्य शुद्ध आणि अर्थपूर्ण आहे. फक्त ते त्या माणसाचे नाही. त्याच मुलाखतीत ‘पडाव’ या शब्दाचा मसुद्यात बहुतेक ठिकाणी ‘पाडाव’ झाला होता; ती चूक डोळ्याला खुपते, शोधून एकदम बदलता येते आणि म्हणून मला तिची फारशी चिंता वाटत नाही. अवघड आहे ती पहिली जात, कारण तिथे मजकूर चुकलेला दिसतच नाही.

म्हणून मी ठरवले की मसुदा वाचून दुरुस्त करायचा नाही. आवाज ऐकत, मसुदा झाकून, वाक्य मनाशी पक्के करायचे आणि मगच पडद्यावरच्या मजकुराशी ताडून पाहायचे. डोळ्यासमोर अक्षरे असली की कान त्यांच्याच मागे जातो. वेळ जास्त लागतो, पण या कामात वेळ खर्च करण्याची खरी जागा हीच आहे. चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील एआयफॉरभारत या गटाने भारतीय भाषांसाठी खुली मॉडेले तयार केली आहेत आणि त्यांत कोकणीचाही समावेश आहे. काही तुकडे त्यांच्या मॉडेलवरही चालवले. मालवणीचे काही प्रत्यय तिथे अधिक जवळचे उतरले, पण विरामचिन्हे नव्हती आणि सबटायटलसाठी लागणारी वाक्यांची विभागणी हाताने करावी लागत होती. त्यामुळे वेळेचा सांगाडा व्हिस्परचा आणि अडलेल्या ठिकाणी ताडून पाहण्यासाठी दुसरे मॉडेल, अशी वाटणी केली.

दुरुस्ती सबटायटल एडिट या मोफत प्रोग्रॅममध्ये केली. तिथे आवाजाच्या लहरी डोळ्यांना दिसतात, ओळ निवडून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकता येतो आणि वेळ माउसने सरकवता येते. एसआरटी या सबटायटलच्या फाइलीच्या प्रकाराची रचना अगदी सोपी आहे: अनुक्रमांक, त्याखाली सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, त्याखाली मजकूर, आणि मग एक रिकामी ओळ. सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये स्वल्पविराम लागतो. वेबव्हीटीटी या दुसऱ्या प्रकारात तिथे टिंब असते. वेळेचे आकडे इंग्रजी वळणाचेच ठेवावे लागतात, मजकुरातले आकडे देवनागरी चालतात. फाइल यूटीएफ-८ या देवनागरीसह सर्व लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीतच जतन करावी. जुन्या एएनएसआय पद्धतीत जतन केली की सगळ्या देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि ती परत फिरवता येत नाहीत.

ओळी पाडण्याबद्दल इंग्रजी सबटायटलचे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एका वेळी दोन ओळी आणि एका ओळीत साधारण ४२ अक्षरे हा प्रचलित दंडक आहे, पण प्रोग्रॅम मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजतात. ‘क्ष’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर असले तरी संगणकाच्या लेखी ते तीन आहेत. त्यामुळे पडद्यावर नीट मावणाऱ्या ओळीलाही प्रोग्रॅम लांब म्हणून लाल रंग देतो. तो इशारा मी मर्यादेत मानला आणि डोळ्यांनी वाचून निर्णय घेतला. याहून मोठा प्रश्न वाक्यरचनेचा आहे. आपल्याकडे क्रियापद शेवटी येते. वाक्य मधेच तोडले तर वाचणारा पुढच्या सबटायटलपर्यंत अर्थासाठी ताटकळतो. जिथे बोलणारा स्वतः थांबतो आणि मग क्रियापद टाकतो, तिथे ते थांबणे मी राखले, कारण गोष्ट सांगण्याची ती त्यांची लकब आहे. इतर ठिकाणी ‘पण’, ‘म्हणान’, ‘मगे’ या शब्दांच्या आधी तोडणे सर्वांत सुवाच्य ठरले.

सबटायटलमध्ये स्पष्टीकरण घालायचे नाही, हेही मी पाळले. एका मुलाखतीत ‘रामदास’ बोटीचा विषय निघतो. १७ जुलै १९४७ रोजी रेवसच्या वाटेवर ती बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; त्या दिवशी गटारी अमावास्या होती. बोलणारे गृहस्थ तारीख सांगत नाहीत, नुसते “गटारीच्या दिसा” एवढेच म्हणतात, आणि मग बराच वेळ काही बोलत नाहीत. सबटायटलमध्येही तेवढेच ठेवले. तारीख आणि तपशील वेगळ्या टिपणात दिले आहेत, त्या ठिकाणची वेळ नोंदवून.

न कळलेल्या शब्दांच्या जागी चौकटी कंसात ‘अस्पष्ट’ असे लिहिले आणि त्या वेळांची यादी घेऊन मुलाखत दिलेल्यांच्या घरच्यांकडे गेलो. एका पडाववाल्यांच्या धाकट्या भावाला आता जवळजवळ ऐकू येत नाही. त्यांच्या पुतण्याने लॅपटॉप पुढ्यात ठेवला, आणि भावाचे बोलणे अक्षरांत सरकताना पाहून ते म्हणाले, “माका आयकाक येना नाय रे, पण ह्या वाचूक गावता.” मग एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला थांबवले. तिथे मी ‘शिड’ लिहिले होते, आणि ऐकताना ते तसेच वाटत होते. त्यांनी सांगितले की भाऊ ज्या पडावावर होता त्याला शीड नव्हतेच, तो वल्ह्यांचा पडाव होता, तेव्हा शब्द ‘शिडी’ असणार. पुन्हा ऐकले, तर शेवटचा स्वर गाजेखाली दबलेला सापडला. ध्वनिमुद्रणात ज्याचा पुरावा जेमतेम आहे, त्याचा निर्णय पडाव पाहिलेल्या माणसानेच द्यायचा असतो, आणि म्हणून अशा माणसांपर्यंत मसुदा वेळेत पोहोचणे मला तंत्राइतकेच तातडीचे वाटते.

शेवटचा टप्पा दाखवण्याचा. नुसत्या आवाजाच्या फाइलीबरोबर सबटायटल दाखवण्याची सोय सगळीकडे नसते, म्हणून बंदराचे एक जुने छायाचित्र स्थिर ठेवून त्यावर आवाज चढवला आणि व्हिडिओ केला. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हिडिओ आणि एसआरटी यांचे नाव सारखे ठेवले की सबटायटल आपोआप लागते. काही जुन्या टीव्हींवर पेन ड्राइव्हमधून लावल्यास देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात. अशा घरांसाठी अक्षरे चित्रातच कायमची उमटवलेली वेगळी प्रत काढली. ती काढताना जोडाक्षरे नीट जुळवणारे साधन वापरावे लागते, नाहीतर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. मूळ आवाज, दुरुस्त एसआरटी आणि मॉडेलने दिलेला कच्चा मसुदा अशा तिन्ही फाइली वाचनालयात एकत्र ठेवल्या आहेत. कच्चा मसुदा ठेवण्याचे कारण असे की उद्या कोणी मालवणीसाठी मॉडेल शिकवायला घेतले, तर यंत्राने काय ऐकले आणि माणूस काय बोलला यांची जोडी त्याला आयती मिळेल. सध्या देवगडकडच्या मुलाखती चालू आहेत. तिथले हेल आमच्यापेक्षा वेगळे असल्याने शब्दांची यादी नव्याने करत आहे आणि ती तपासून देण्यासाठी देवगडच्याच एका निवृत्त खलाशांना बसवले आहे.